पद्मिनीचा गिअरबॉक्स: दुरुस्त करायचा, दुसरा बसवायचा की फ्लोअर गिअर करून घ्यायचा?

फियाट ११०० किंवा प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते. दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो, तिसरा उतारावर आपोआप सुटतो. मग एक मिस्त्री म्हणतो खोलून बघू, दुसरा म्हणतो भंगारातून बॉक्स आणून टाकू, तिसरा म्हणतो हँड गिअरची, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या गिअर दांड्याची, कटकटच नको, फ्लोअरवर दांडा असलेला फ्लोअर गिअर करून टाका. तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण प्रत्येक गाडीला तिन्ही लागू पडत नाहीत. माझं मत आधीच सांगतो: केसिंग (बॉक्सचं बाहेरचं आवरण) आणि शाफ्ट शाबूत असतील तर मूळ बॉक्सच दुरुस्त करावा. का, ते पुढे येईलच.

त्याआधी दोष खरंच गिअरबॉक्सचा आहे का, याची खात्री करा. स्टिअरिंगजवळच्या दांड्यापासून बॉक्सपर्यंत रॉड, सांधे आणि बूश यांची मोठी साखळी असते. ते बूश झिजले की दांडा ढिला होतो, गिअर अर्धवट लागतो आणि मग सुटतो. गाडी रॅम्पवर घ्या, एकाला आत बसून दांडा हलवायला सांगा आणि खालून बघा: दांडा हलतोय पण बॉक्सवरचा लिव्हर उशिरा हलतोय, असं दिसलं तर बूश बदलून आणि रॉड सेट करूनच काम भागण्याची शक्यता मोठी. गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबून, क्षणभर थांबून रिव्हर्स टाकला तरी दात घासत असतील, तर क्लच नीट सुटत नाहीये. त्यासाठी बॉक्स खोलायची गरज नाही. आणि पहिला गिअर चालत्या गाडीत लागत नाही ही तक्रारच नव्हे. या बॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर लागण्याआधी वेग जुळवून घेणारी रचना, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्यालाच आहे.

आवाजही बरंच काही सांगतो. न्यूट्रलमध्ये घरघर आहे आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर बेअरिंगकडे संशय घ्या. पहिल्या तीन गिअरमध्ये गुणगुण आणि चौथ्यात एकदम शांत, असं असेल तर बहुतेक लेशाफ्टचं (मुख्य शाफ्टला समांतर फिरणाऱ्या शाफ्टचं) बेअरिंग गेलंय, कारण चौथ्यात ताकद सरळ पुढे जाते आणि लेशाफ्टवर भार येत नाही. शेवटी ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर ओता आणि लोहचुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारी पिवळी चकाकी म्हणजे सिंक्रो रिंगची, म्हणजे सिंक्रोमेशच्या पितळी रिंगची, झीज; एवढ्या वयाच्या बॉक्समध्ये थोडी असणारच. पण चुंबकाला चिकटणारे पोलादाचे कपचे निघाले, तर दात किंवा बेअरिंग तुटलंय. मग गाडी आणखी चालवू नका.

मूळ बॉक्स दुरुस्त करायचा तर खर्चाचा अंदाज तीन भागांत मागा: बॉक्स उतरवून बसवण्याची मजुरी, पार्ट आणि लेथचं काम. बेअरिंगची काळजी कमी. त्यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो दाखवला की बेअरिंगच्या दुकानात जोड मिळते. ऑइल सीलही मापावर मिळतात. खरी अडचण सिंक्रो रिंग आणि गिअरची. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनणं थांबून दोन दशकं उलटली. आता मिळतो तो कुणाच्या कपाटात उरलेला जुना माल, नाहीतर नव्याने बनवलेला. नवी रिंग गिअरच्या कोनावर (निमुळत्या भागावर) बसवून हाताने दाबून फिरवून बघा. ती पकडली पाहिजे आणि रिंग व गिअरच्या दातांमध्ये सगळीकडे सारखी फट राहिली पाहिजे. कारागिराला हे तुमच्यासमोर करायला लावा. फट जवळजवळ उरलीच नसेल, तर ती रिंग नवी असली तरी परत करा.

गिअरचाच दात गेला असेल तर नमुन्यावरून नवा कापून घेता येतो. भोसरी आणि कोल्हापूरकडे असं काम करणारे वर्कशॉप आहेत. मात्र एकटा गिअर करू नका, त्याचा जोडीदारही नवा करा आणि हार्डनिंग करूनच घ्या. नुसता कापलेला मऊ गिअर थोडेच दिवस गोड चालतो. केसिंगला तडा असेल किंवा बेअरिंग बसतं ती जागाच सैल झाली असेल, तर मात्र हट्ट सोडावा.

मग पाळी येते दुसऱ्या जुन्या बॉक्सची. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ओळखीचा भंगारवाला गाठला की कुठेतरी बॉक्स निघतो. लोकांना हा सगळ्यात स्वस्त मार्ग वाटतो. स्वस्त आहे, पण दुसऱ्याचा न बघितलेला दोष आपण आपल्या गाडीत घालत असतो. पद्मिनी मुंबईत दशकानुदशकं टॅक्सी म्हणून राबली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून उतरल्या. भंगारात आलेले बरेच बॉक्स या टॅक्सींचे, म्हणजे प्रत्येक सिग्नलला पहिला-दुसरा करत झिजलेले. खाजगी गाडीचा मिळाला तर आधी तो बघा. घेताना झाकण काढायला लावा, इनपुट शाफ्ट हाताने फिरवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहा, दातांच्या कडा बोटाने चाचपा: टोकाशी गोलसर झालेल्या कडा म्हणजे सुटणारा गिअर. आपल्या क्लच प्लेटचा स्प्लाइन (मधल्या भोकातल्या खाचा) त्या शाफ्टवर जागच्या जागी घालून बघा, कारण बाहेरून सारखा दिसणारा प्रत्येक बॉक्स आपल्या सालाला जुळेलच असं नाही.

एवढं करूनही तो बॉक्स मी तसाच्या तसा गाडीत चढवणार नाही. तो देणगीदार म्हणून घ्यावा: त्याचं चांगलं केसिंग, चांगले गिअर आणि आपल्यातलं जे चांगलं आहे ते, मिळून एक बॉक्स. टॅक्सी संपल्या म्हणजे नवा पुरवठाही आटला. त्यामुळे गाडी अजून दहा वर्षं ठेवायची असेल, तर आज गरज नसली तरी एक बॉक्स घेऊन ऑइल लावून ठेवणं शहाणपणाचं.

तिसरा पर्याय फ्लोअर गिअरचा. याला मूळ गाडीचाच थोडा आधार आहे: पद्मिनीच्या शेवटच्या एस-वन मॉडेलमध्ये कंपनीनेच निस्सान घराण्यातला बॉक्स आणि फ्लोअर गिअर दिला होता, आणि प्रीमियरच्याच ११८ एनई या गाडीला निस्सानचं इंजिन व बॉक्स होताच. गिअर नेमका लागतो, पार्टची ओढाताण कमी होते. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीसाठी हे आकर्षक आहे, आणि आधीच ११८ एनईचं इंजिन बसवलेल्या गाडीला तर तोच जोडीचा बॉक्स शोभतो.

पण जुन्या फियाट इंजिनामागे तो बसवायचा म्हटलं की एकातून एक कामं निघतात. बेलहाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं घंटेसारखं आवरण) जुळवायचं, क्लच प्लेट बदलायची, पायलट बेअरिंगचं (इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं त्याचं) माप बघायचं, मागचं माउंटिंग नव्याने करायचं, मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करायचा, स्पीडोमीटरची केबल जुळवायची. बेलहाउसिंगचा मध्य किंचित जरी हुकला तरी नव्या बॉक्सचं बेअरिंग लवकरच ओरडायला लागतं. पाच गिअरचा बॉक्स टाकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की १०८९ सीसीच्या इंजिनाला खंडाळ्याच्या चढावर पाचव्याचा काही उपयोग नाही. सपाटीवर इंजिन शांत चालेल, एवढाच फायदा.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मधला पत्रा कापावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज ठरते आणि तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळू शकतो. त्यात चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार चालत नाहीत. गिअरबॉक्सचं नाव तिथे नसलं तरी कापलेला फ्लोअर हा बॉडी शेलचाच भाग आहे. म्हणून १९६४ नंतरची ११०० डी किंवा पहिल्या वर्षांतली पद्मिनी हातात असेल, तर पत्र्याला हात लावू देऊ नका. नव्वदच्या दशकातली, आधीच बरेच बदल झालेली गाडी असेल आणि ती रोज चालवायची असेल, तर खुशाल फ्लोअर गिअर करा, फक्त असं काम करून चालवलेली एखादी गाडी आधी स्वतः चालवून बघा.

एक चौथा मार्गही आहे, तो गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. फक्त दुसऱ्याची सिंक्रो रिंग थकली असेल आणि ऑइलमध्ये पोलाद निघालं नसेल, तर डबल क्लच करून, म्हणजे मध्ये न्यूट्रलला क्लच एकदा सोडून आणि पुन्हा दाबून मग गिअर टाकत, गाडी आरामात चालवता येते. तेवढ्या वेळात चांगल्या रिंग शोधा.

कुठलाही पर्याय निवडा, उतरवण्याची मजुरी एकदाच पडावी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, माउंटिंगचं रबर आणि क्रँकचा मागचा ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्या. मूळ बॉक्समध्ये ऑइल भरताना जीएल-४ दर्जाचं मागा. जीएल-५ मधली काही रसायनं पितळी रिंग खाऊ शकतात, आणि दुकानदार पुष्कळदा तेच हातात देतो. पहिले काही शे किलोमीटर झाले की ते ऑइल काढून पुन्हा चुंबक फिरवा.