शेवटच्या थांब्यापलीकडे: अकरा महिन्यांनंतर

शहरातली बस जिथे रिकामी होऊन वळते, त्याच्यापलीकडे आमची वस्ती. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. मोकळी हवा, भरपूर उजेड, गच्चीवरून लांबवर दिसणारं माळरान. यातलं काहीच खोटं नाही. पण ते दिवसाउजेडी दिसतं, आणि दिवसा इथे असतं कोण? लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बांधकामावरचे मजूर. बाकीचे काळोख पडल्यावर उगवतात.

सगळ्यात जास्त छळलं ते भिंतींनी. शाळा आमच्या खिडकीतून दिसते, मधल्या सुट्टीची घंटा घरात ऐकू येते. तरी पायी जायला पंचवीस मिनिटं लागायची. प्रत्येक संकुलाला स्वतःचं कुंपण, स्वतःचं एकच फाटक, आणि सगळी फाटकं मोठ्या रस्त्यावर उघडणारी. मधून जाणारी गल्ली कुणाच्याच नकाशात नाही, कारण प्रत्येकाने आपल्यापुरता तुकडा आखला. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकी नियोजकाने 1929 साली वस्तीचा आराखडा मांडला, त्यात शाळा मध्यभागी होती, घरापासून साधारण चारशे मीटरच्या आत, आणि वाहता रस्ता वस्तीच्या कडेने. आमच्याकडे कडेचा रस्ता तेवढा आला.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. आम्ही वाहिनीच्या शेपटाला. पाणी जितकं लांब येतं तितका दाब घर्षणात जिरतो, त्यात सकाळी वाटेतल्या सगळ्यांचे नळ उघडे. टाकी रात्रीच भरून घ्यायची, झालं.

दुसरी गोष्ट मात्र उशिरा लक्षात आली: इथे सगळं एकाच वयाचं आहे. इमारती, झाडं, जोडपी, त्यांची मुलंसुद्धा. त्यामुळे बालवर्गात जागा मिळत नाही आणि वरचे वर्ग ओस. पंधरा वर्षांनी उलटं होईल. चपला शिवणारा किंवा घड्याळ दुरुस्त करणारा इथे का नाही, हे कोडं मला शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या मांडणीने सुटलं. नव्या बांधकामाचा खर्च भाड्यातून वसूल व्हावा लागतो, छोट्या धंद्याला ते भाडं झेपत नाही. म्हणून वस्तीत थोड्या जुन्या इमारतीही हव्यात, असं त्यांनी 1961 मध्येच लिहिलं. आमची सर्वात जुनी इमारत सहा वर्षांची.

पाचपैकी तीन तारे देतो. गेल्या महिन्यापर्यंत दोनच दिले असते. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या रहिवाशांनी चार बैठका आणि बरीच भांडणं करून मधे एक छोटं फाटक बसवून घेतलं. शाळा आता सात मिनिटांवर, बसथांबाही. फक्त रात्री दहाला त्याला कुलूप लागतं आणि शेवटची बस येते साडेदहाला.