आधी फारसी की आधी अरबी?

सूफी कविता मुळातून वाचायची आहे, इराण आणि अरब देशांचा आधुनिक इतिहासही तिथल्याच लेखकांकडून समजून घ्यायचा आहे, पण तूर्त वेळ एकाच भाषेपुरता आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: मराठी माणसाने फारसीपासून सुरुवात करावी.

फारसी कवी हाफिजच्या दिवानातली, म्हणजे काव्यसंग्रहातली, पहिलीच गझल घ्या. तिची पहिली ओळ अरबी: ‘अला या अय्युहस्साकी अदिर कासन व नाविल्हा.’ यात साकी सोडला तर आपल्याला पाय टेकायला जागा नाही. दुसरी ओळ फारसी: ‘के इश्क आसान नमूद अव्वल, वले उफ्ताद मुश्किलहा.’ प्रेम आधी सोपं वाटलं, मग अडचणी उभ्या राहिल्या. इश्क, आसान, अव्वल, मुश्किल हे शब्द न शिकता ओळखीचे निघतात. (मूळचे अरबीही त्यात आहेत, पण आपल्याकडे ते फारसीच्या हातून आले.) माधवराव पटवर्धनांचा १९२५चा फारसी-मराठी कोश जवळ ठेवला तर असे सोयरे पानोपानी भेटतात. शिवाय फारसीत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं आणि नामांना लिंग नसतं. अडतं ते सर्वनामापाशी. ‘ऊ’ म्हणजे तो की ती, हे मराठीत आणताना ठरवावंच लागतं, आणि ठरवलं की कवितेतलं काहीतरी निसटतं.

अरबी जास्त घाम काढते. लिंग आहे, द्विवचन आहे, आणि पुस्तकातली अरबी वेगळी, कैरोच्या रस्त्यावरची वेगळी. शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. आपला मजकूर आणि सूफींचा जिक्र (ईश्वराचं नामस्मरण) एकाच धातूचे; जुन्या पद्धतीच्या अरबी कोशात ‘मजकूर’ शोधायला ‘म’वर नाही, ज-क-रवर जावं लागतं. पण अरबी सूफी कवी इब्न अल-फारिदचं (११८१–१२३५) साडेसातशेच्या वर बैतांचं (दोन चरणांच्या कडव्यांचं), अखेरपर्यंत ‘त’चं यमक सांभाळणारं दीर्घकाव्य अनुवादात त्या नादासकट येत नाही. ओढ त्याची किंवा सूफी तत्त्वचिंतक इब्न अरबीची असेल, तर माझं ऐकू नका, थेट अरबी शिका.

इतिहासात अरबीचा पल्ला मोठा आहे, मोरोक्कोपासून इराकपर्यंत. १७९८ साली नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये उतरली, तेव्हाच्या कैरोची हकीकत तिथल्याच अल-जबर्ती या इतिहासकाराने स्वतः पाहून लिहिली. फारसीकडे इराणमधल्या १९०५–११च्या घटनात्मक क्रांतीचा इतिहास लिहिणारा अहमद कसरवी आहे. तो तब्रिझचा, क्रांती त्याने ऐन तारुण्यात जवळून पाहिलेली. सूफी कवितेने इराणी माणूस निष्क्रिय केला असं त्याचं ठाम मत होतं, इतकं की हाफिजचा दिवान त्याने आगीत घालण्याजोगा ठरवला. १९४६ साली तेहरानच्या न्यायालयात त्याचा खून झाला. मला हाफिज प्रिय आहे, तरी कसरवी वाचल्याशिवाय राहू नये असंच सांगेन. त्याने अरबी शब्द वेचून वेचून काढून टाकले, त्यामुळे आपल्या अव्वल-मुश्किलचा आधार तिथे तुटतो. तो दुसऱ्या वर्षी हाती घ्या.

फारसी सूफी कवी रूमीच्या मसनवी या दीर्घकाव्यासाठी मात्र थोडी अरबी लागतेच. पहिल्या खंडाची प्रस्तावनाच अरबी गद्यात आहे. फारसी वाचनाला वेग आला की अरबी क्रियापदांची रूपं गिरवायला घ्या.