तीन क्वीअर व्हिज्युअल नॉव्हेल: आधी कोणती खेळाल?

‘ड्रीम डॅडी’, ‘बटरफ्लाय सूप’ आणि ‘अ इयर ऑफ स्प्रिंग्ज’ या तिन्ही व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं पाहत, संवाद वाचत आणि अधूनमधून पर्याय निवडत खेळायच्या कथा. समलिंगी, ट्रान्स अशा क्वीअर पात्रांच्या या तिन्ही कथांची शिफारस बहुतेक वेळा एका दमात होते. पण खेळणाऱ्याच्या हातात किती ठेवायचं, याबाबत तिन्हींची तऱ्हा निराळी. निवडताना आधी तेच पाहा.

‘ड्रीम डॅडी’त (२०१७) सर्वांत जास्त ठरवता येतं. आपण ज्याच्या भूमिकेत खेळतो तो बाप आपणच घडवायचा: चेहरा, केस, कपडे, हवं तर बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट बनियन) घातलेलं शरीरही. मुलगी अमांडा दत्तक की पोटची, वारलेला जोडीदार पुरुष की स्त्री, हेही आपणच सांगायचं. मग इतर सात बापांपैकी कुणाशी सूत जुळतं ते बघायचं. प्रत्येकासोबत तीन डेट असतात आणि तिसरीनंतर निवड पक्की होते, म्हणून तिच्या आधी वेगळा सेव्ह ठेवा. अडचण एवढीच, की सुरुवातीला इतक्या हौसेने निवडलेल्या ओळखीला पुढे कथेत फारसं काम उरत नाही. कुणी नावं न ठेवणारं जग हवं असेल, तर मात्र हाच तिचा गुण.

‘बटरफ्लाय सूप’मध्ये (२०१७) उलटं आहे. निवडी मोजक्या, कथा ठरलेली. २००८ सालचं कॅलिफोर्निया, बेसबॉल खेळणाऱ्या चार आशियाई-अमेरिकन मुली. त्यांतल्या दिया आणि आकर्षा भारतीय वंशाच्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या राज्याने मतदानाने समलिंगी विवाह बंद केला होता. मुलींच्या चॅटमधली टिंगलटवाळी धमाल आहे, पण घरातली मारहाण आणि धाकही त्यात आहे. ते झेपणार नसेल तर सध्या थांबा. विनोद निसटला तर माउसचं चाक वर फिरवा, मागचा संवाद परत येतो.

पहिल्यांदाच खेळणाऱ्याने मात्र ‘अ इयर ऑफ स्प्रिंग्ज’ घ्यावी. २०१८, २०१९ आणि २०२१ मध्ये आलेल्या तीन छोट्या कथा तिच्यात आहेत, त्या याच क्रमाने खेळा. पहिलीत हारू ही जपानी ट्रान्स तरुणी मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या मुक्कामाला जाते. तिथे पुरुषांचं स्नान वेगळं, बायकांचं वेगळं, आणि कागदोपत्री हारू अजून पुरुषच. जपानमध्ये तेव्हा कागदोपत्री लिंगाची नोंद बदलण्यासाठी प्रजननक्षमता गमावण्याची अट होती. (२०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.) हारू अशी अडकलेली असल्यामुळे ‘स्नानाला आत जाऊ की खोलीतच थांबू’ एवढ्याशा पर्यायापाशी आपलं बोट अडखळतं. पुढच्या दोन कथा तिच्या मैत्रिणींच्या नजरेतून येतात. एरिका मदतीला धावते आणि व्यवस्थेवर आपटते. मनामीला शारीरिक जवळीक नको असण्याचा अर्थ लावायचा असतो. प्रेमात पडण्याइतकीच मैत्री टिकवणंही इथे मोठी गोष्ट आहे. इंग्रजी सोपं आहे आणि एकेक कथा एका बैठकीत संपते. एका शेवटावर थांबू नका. हारूने तोंड उघडलं तर काय होतं आणि गप्प राहिली तर काय, हे दोन्ही खेळून पाहा.