७१० सांगून ३०३ लावलं: नागपुरात मॉड्युलर किचन करायला निघालेल्यांनी आधी हे वाचा

मॉड्युलर किचन करून देणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे माझे २ लाख ३७ हजार रुपये गेले. त्या बदल्यात घरात काय आहे? अर्धी पाडलेली भिंत, सिंकखालचे फुगलेले तीन कप्पे, दारं नसलेलं वरचं कपाट आणि चिमणीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक. त्या भोकातून कबुतरं येतात म्हणून मी तिथे पुठ्ठा चिकटवलाय.

हे लोक काम कसं करतात ते सगळ्यांना माहीत असतं. ॲडव्हान्स घ्यायचा, पहिल्याच दिवशी ओटा फोडायचा आणि बाई सिलेंडर-शेगडी घेऊन हॉलमध्ये आली की मग निवांत व्हायचं. ओटा फुटला की आपण त्यांच्या हातात जातो. मलाही हे माहीत होतं. मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स पाहते, दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासते. त्यामुळे कोणी "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तरी कशा काय?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. तीन ठिकाणांहून कोटेशन घेतलं होतं. सगळ्यात स्वस्तवाला मी निवडला नाही, मधला निवडला. तो भावजींच्या ओळखीतून आला होता, त्यांच्या ऑफिसातल्या एकाकडे त्यानं केलेलं वॉर्डरोब आजही ठणठणीत आहे. यापेक्षा जास्त चौकशी माणूस काय करणार?

फ्लॅट वर्धा रोडच्या बाजूला, टू बीएचके. स्वयंपाकघर आठ बाय सात. दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे, फ्रिज हॉलमध्ये, आणि सासूबाई पोळ्या करत असल्या की मला भाजी चिरायला डायनिंग टेबल गाठावं लागे. हॉलच्या बाजूची भिंत ओट्याच्या उंचीपर्यंत उतरवायची, तिच्यावर ग्रॅनाइटचा काउंटर टाकायचा, खाली कप्प्यांऐवजी पूर्ण बाहेर येणारे ड्रॉवर आणि कोपऱ्यात डब्यांसाठी उंच कपाट करायचं, असं ठरलं. कल्पना चांगली होती, आणि ती माझी होती, त्याची नाही.

कोटेशन २,८५,००० चं: ट्रॉल्या आणि कपाटं १,६२,०००, भिंत पाडून काउंटर २८,०००, ग्रॅनाइट ३४,०००, टाइल्स आणि नळकाम ३१,०००, वायरिंग आणि चिमणीचं डक्ट १४,०००, रंग १६,०००. पाडव्याच्या मुहूर्तावर बुकिंग केलं तर चिमणी फुकट. "आयएस ७१० मरिन प्लाय", म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, हे शब्द कोटेशनवर मोठ्या अक्षरात होते. मीच लिहून घेतले होते.

मग जीएसटी. "ताई, पक्कं बिल पाहिजे तर १८ टक्के वरून लागते. ५१,३०० रुपये होतात. काऊन देता फुकटचे?" मी बिलच मागत होते. घरात मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं, एक्कावन्न हजारात नवा फ्रिज येतो. नागपुरात किती जणांनी घरकाम पक्क्या बिलावर करून घेतलंय ते छातीवर हात ठेवून सांगावं, मग मला शिकवावं. फक्त हे समजून घ्या की बिल नको म्हणणारा आपला टॅक्स वाचवत नसतो, स्वतःचा माग पुसत असतो.

बुकिंगचे ११,००० दिले. मग निम्मी रक्कम पुरी करायला १,३१,५००. यूपीआयची एका दिवसाची मर्यादा एक लाख, म्हणून पहिल्या दिवशी १,००,००० आणि दुसऱ्या दिवशी ३१,५००. दोन्ही वेळा स्कॅनर वेगळा, स्क्रीनवर नावंही वेगळी, आणि त्यातलं एकही त्याचं नाही. विचारलं तर म्हणे एक प्लायवाल्याचं आणि एक हार्डवेअरवाल्याचं, "डायरेक्ट त्यांनाच जाऊ द्या, माझ्याकडे पैसाच नको." ऐकायला किती प्रामाणिक वाटतं! कोटेशनवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात पैसे टाका, नाहीतर टाकू नका.

आता ती रात्र. ती आठवली की अजूनही घशाशी येतं.

प्लाय रात्री नऊच्या सुमारास आलं. दिवसा ट्रकला आत येऊ देत नाहीत, असं कारण. खाली पार्किंगमध्ये अकरा शीट भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. मी मोबाइलचा टॉर्च लावून एकेक पाहिली. कोपऱ्यात निळ्या शाईचा पुसट शिक्का होता आणि त्यात आकडा होता ३०३. मी मोठ्यानं वाचला. "दादा, हे तर ३०३ आहे. आपलं ७१० ठरलं होतं ना?"

तो दचकलासुद्धा नाही. "ताई, तो गोदामाचा लॉट नंबर राहते. ७१० चा शिक्का मागच्या साइडला असते." मग मागची बाजू दाखवा म्हटलं. "पोरं जेवायला गेली ना. एकट्यानं पलटवली तर कोपरे तुटतात. सकाळी दाखवतो, टेन्शनच नका घेऊ." आणि लगेच, "गाडीवाला खोळंबून राहिला, साठ हजार टाकून देता का?"

मी तिथेच उभ्या उभ्या टाकले.

मोबाइल माझ्या हातातच होता, तोच टॉर्च म्हणून वापरत होते. तीन आकडे टाइप केले असते तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं की आयएस ३०३ हे सर्वसाधारण कामाच्या प्लायवूडचं मानक आहे आणि ७१० मरिनचं, ज्याला ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी असते. शिक्क्याजवळ आयएसआय खुणेखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या सरकारी मानक संस्थेच्या ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. हे सगळं आता पाठ आहे. पण मला सांगा, रात्री नऊ वाजता पार्किंगमध्ये वाकून प्लायचे शिक्के वाचणाऱ्या बायका किती असतील? मी निदान वाचला आणि विचारलंही. समोरचा माणूस डोळ्यात डोळे घालून खोटं बोलला, ते माझ्या खात्यावर कशाला?

शिवाय मी गाफीलही नव्हते. त्यानं दिलेला नमुन्याचा तुकडा मी घरी कुकरमध्ये घालून आठ शिट्ट्या केल्या होत्या. थर सुटले नाहीत, काही नाही. तो तुकडा खराच होता. नमुना ७१० चा आणि माल ३०३ चा, हीच तर त्यांची सगळी कमाई. उकळायचाच असेल तर आलेल्या शीटमधून तुमच्यासमोर कापलेला तुकडा उकळा. आणि माल दिवसा उतरवून घ्या.

सकाळी ऑफिसला जायच्या आधी खाली गेले तोवर निम्म्या शीट कापून झाल्या होत्या, आणि दोन दिवसांत त्यांवर लॅमिनेट बसलं. शिक्के गेले आत.

त्यानंतर ग्रॅनाइटसाठी २५,००० रोख घेतले. मलबा उचलायचे म्हणून ९,५०० वेगळे. मलबा आजवर कुणी उचलला नाही. सोसायटीनं आम्हालाच २,००० दंड लावला, तो मी वरच्या हिशेबात धरलेलाही नाही. ग्रॅनाइट कधी आलंच नाही. आधी कारागिराच्या घरी लग्न, मग "माल राजस्थानातून निघाला", मग फोन वाजायचा आणि कुणी उचलायचं नाही, मग वाजणंही बंद. रिंग रोडवरच्या शोरूमला कुलूप. शेजारचा पानठेलेवाला म्हणाला, "तुम्ही पहिल्या नाही ताई."

हे सगळं भर मे महिन्यात. अर्ध्या पाडलेल्या भिंतीची विटकरी धूळ कूलरच्या वाऱ्यानं सगळ्या घरात. कूलर बंद करावा तर पंचेचाळीस डिग्रीत सासूबाईंचा जीव जातो, चालू ठेवावा तर वरणात माती. चिमणी नाही आणि भिंतही नाही, त्यामुळे फोडणी दिली की हॉलमध्ये बसलेले सगळे एकत्र खोकतात. ओपन किचन करणाऱ्यांनो, आपल्याकडे रोज मिरचीची फोडणी होते. डक्टचं तोंड बाहेर निघाल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नका. आणि ती भिंत नुसती साडेचार इंची आडोशाची आहे की तिच्यात कॉलम दडलाय, ते सोसायटीकडचा नकाशा घेऊन इंजिनिअरला विचारा. कॉन्ट्रॅक्टर "होते ना" एवढंच म्हणतो. आमच्या भिंतीतून हॉलच्या वायरिंगचा पाइप गेला होता, तो त्यानं सरळ कापला.

पावसाळ्यात सिंकखालची पाटी फुगली. तिचा तुकडा घेऊन मी लकडगंजच्या लाकूडबाजारात गेले, जिथे आधीच जायला हवं होतं असं आता सगळे सांगतात. तिथल्या एका दुकानदारानं कडेवर नख ओढलं, मधला थर भुशासारखा सुटला, आणि म्हणाला, हे ५५ रुपये फुटाचं आहे, तुम्ही म्हणता ते ११० ला आहे. एका शीटचे ३२ चौरस फूट. अकरा शीटमध्ये १९,३६० रुपयांचा फरक. एवढ्यासाठी! वरच्या कपाटाच्या तर आतल्या पाट्याही प्लायच्या नाहीत, नुसता भुशाचा बोर्ड आणि कडेला टेप.

आता सरकारी पाहुणचार ऐका. एका पोलीस ठाण्यात गेले. साहेबांनी सगळं ऐकलं, चहा संपवला आणि विचारलं, "काम केलंच नाही, असं तर नाही ना? अर्धं केलं. मग हे सिव्हिल मॅटर आहे." म्हणजे चोरानं अर्धंच घर लुटलं तर तो चोर नाही? मी म्हटलं, ७१० लिहून ३०३ लावणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. "बिल आहे?" नाही. "मग तुम्हीच टॅक्स चुकवायला निघाल्या होत्या ना मॅडम?" एवढं झाल्यावर सांगितलं की दुकान दुसऱ्या हद्दीत येतं. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, काम जिथे झालं तिथे जा. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, तो झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे, असं म्हटलं तर दोघंतिघं हसले. "मोबाइलवर वाचून येतात." हो, येते वाचून. तुम्ही वाचत नाही म्हणून मला वाचावं लागतं. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, पण पोच मागितल्यावर शिक्का सापडेना. पोलीस ठाण्यात शिक्का सापडेना! मी खुर्चीवरून उठलेच नाही, तेव्हा कुठे तो ड्रॉवरमधून निघाला. पुढे चौकशी केली की एकच उत्तर: ज्यांच्याकडे अर्ज आहे ते बंदोबस्ताला गेलेत. कधी मोर्चा, कधी अधिवेशन, कधी मिरवणूक. माझ्या अर्जाचा मालक कायम बंदोबस्तात.

बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं मान न उचलता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" टाकलाय. ती दोन खाती कुणाची आहेत एवढं तरी सांगा म्हटलं, तर ते गोपनीय. फसवणाऱ्याची गोपनीयता केवढी जपतात. माझा नंबर मात्र लोन विकणाऱ्या प्रत्येकाकडे आहे.

शेवटी माझ्याच डोक्यानं एक गोष्ट काढली. कोटेशनवर जीएसटी नंबर होता, २७ नं सुरू होणारा, पंधरा अक्षरांचा, अगदी रीतसर. जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही तो शोधता येतो. शोधला तर निघालं दुसऱ्या जिल्ह्यातलं चपलांचं दुकान, नोंदणी रद्द झालेली. म्हणजे ५१,३०० भरायची तयारी दाखवली असती तरी तो बिल देणार कुठून होता? ११,००० द्यायच्या आधी हा नंबर टाकून बघा, पैसा लागत नाही.

ग्राहक कायद्याखाली तक्रार टाकली आहे. बिल नाही म्हणून ग्राहकच नाही, असं होत नाही. पैसे दिल्याचा पुरावा लागतो, तो यूपीआयचा आहे. रोख दिलेले २५,००० मात्र फक्त व्हॉट्सॲपवरच्या त्याच्या "मिळाले ताई" वर टांगलेत, म्हणून चॅट डिलीट करू नका आणि मोबाइल बदलू नका. असे मोबाइलमधले पुरावे देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते, वकील सक्तीचा नाही. मी नोटीस पाठवायला वकिलांना ३,५०० दिले आणि नोटीस "पत्त्यावर कुणी नाही" म्हणून परत आली. शोरूमचं भाडेपत्र कुणाच्या नावावर आहे आणि माणूस राहतो कुठे, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. नंतर त्याचा पत्ता शोधण्याचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

वकिलांनी सांगितलंय म्हणून नाव लिहीत नाही. पण गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीनं मला एक डिझाइन पाठवलं, "बघ ना किती छान, माझ्या किचनचं थ्रीडी." पांढरी कपाटं, काउंटरवर तीन पिवळे लटकते दिवे, डाव्या हाताला खिडकी. हेच चित्र त्यानं मला "तुमच्याच मापाचं" म्हणून दाखवलं होतं. माझी खिडकी उजवीकडे आहे. मैत्रिणीच्या किचनला तर खिडकीच नाही. दुकानाचं नाव नवीन, फोन नंबर नवीन, ऑफर दिवाळीची, चिमणी फुकट. तिचे ११,००० जाऊन बसले होते, पुढचे मी थांबवले. ते चित्र तुम्हाला कुणी दाखवलं तर खिडकी कोणत्या बाजूला आहे ते पाहा, आणि मला कळवा. नोटीस बजावायला पत्ता हवाय.