चीअरलीडिंग टीमसाठी गेम कार्डांचा डबा: चार महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांना शेवटपर्यंत वाचायला नको. घ्या, पण डबा उघडल्या उघडल्या त्यातली ९ कार्डं बाजूला काढा आणि जिथे जिथे "चुकला तो बाद" असं छापलंय तिथे पेनने काट मारा. एवढं केलंत तर डबा मस्त आहे. तसाच्या तसा वापरलात तर पहिल्या आठवड्यात मुलं खूश आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही वैतागलेले, आमचं अगदी तसंच झालं.

मी ८ ते १२ वयाच्या मुलांची टीम बघते, एकूण १६ जण, त्यात १५ मुली आणि एक मुलगा. आठवड्यातून दोनदा प्रॅक्टिस, दीड दीड तास. हे काम ज्यांनी केलंय त्यांना माहितीये की या वयात पहिली वीसेक मिनिटं सगळे एकदम हुशार असतात आणि मग कोणी मॅटवर लोळतंय, कोणी पॉमपॉमच्या झिरमिळ्या उपटतंय, कोणाला अचानक तहानच लागते. आणि मोशन्सचं, म्हणजे हातांच्या ठरलेल्या पोझेसचं, असं आहे की शंभर वेळा केल्याशिवाय हाय व्ही मधले (इंग्रजी व्ही सारखे वर केलेले) हात कानाच्या मागे जायचं थांबत नाहीत, मनगट सरळ होत नाही, आणि शंभर वेळा तीच गोष्ट करायला कुठलंही मूल आपणहून तयार होत नाही. म्हणून गेम लागतात. हौस किंवा बक्षीस म्हणून नाही, शंभर वेळा करून घ्यायची ती एक युक्ती आहे, आणि कुठलाही गेम मी याच एका गोष्टीवर जोखते की त्यात प्रत्येक मुलाने ती हालचाल किती वेळा केली.

डब्यात ६० कार्डं आहेत, चार रंगांची. निळी मोशन्स आणि जंप्सची, पिवळी काउंट्सची, हिरवी आवाज आणि चेहऱ्याची, लाल टीमवर्कची. शिवाय फोमचे दोन मोठे फासे आणि एक वाळूचं घड्याळ, ते घड्याळ का दिलंय कळलं नाही, १६ मुलं ओरडत असताना त्या वाळूकडे बघत कोण बसणार, मोबाईलवर टायमर लावते मी सरळ.

पिवळ्या कार्डांपासून सुरू करते कारण माझ्या मते पैसे त्यातच वसूल होतात. एक कार्ड आहे, नुसतं मनात मोजायचं. म्युझिक लावायचं, सगळ्यांनी १ ते ८ मोठ्याने म्हणायचं, दोन एट काउंट (१ ते ८ ची एक फेरी म्हणजे एक एट काउंट) झाले की म्युझिक बंद आणि आवाजही बंद, पुढचे दोन एट काउंट डोळे मिटून मनातल्या मनात, आणि शेवटच्या ८ वर एक टाळी. एवढंच. पहिल्यांदा केलं तेव्हा टाळ्या अशा पडल्या जसा पत्र्यावर पाऊस, पहिली टाळी आणि शेवटची टाळी यात चांगले दोन सेकंद गेले असतील, आणि मुलं स्वतःच हसायला लागली. मला मात्र त्या दिवशी जे कळलं ते महिनाभर डान्स सेक्शन बघून कळलं नव्हतं, की आमच्याकडे चार जणी घाईच्या आहेत आणि दोघी उशिराच्या, आणि ज्यांना मी उशिराच्या समजत होते त्यातली एक खरंतर बरोबर मोजते, तिच्या शेजारच्या दोघी पळतात म्हणून ती मागे दिसते. मी उगाच तिला दर वेळी टोकत होते. आता प्रत्येक प्रॅक्टिस याच गेमने सुरू होते, चार महिन्यांत एकच टाळी असं अजून झालेलं नाही पण दोनतीन टाळ्यांवर आलोय.

याच रंगात फॉर्मेशनचा एक गेम आहे, संगीत खुर्चीसारखा पण खुर्ची काढून न घेता. ऑलस्टार (म्हणजे क्लबच्या टीम्सच्या) स्पर्धांचा फ्लोअर ९ पट्ट्यांचा असतो, एकेक पट्टी ६ फूट रुंद आणि ४२ फूट लांब, आणि कोणी कुठे उभं राहायचं ते त्या पट्ट्यांवरूनच ठरतं. गेममध्ये म्युझिकवर सगळे फिरतात, म्युझिक थांबलं की कोच फॉर्मेशनचं नाव ओरडणार आणि ४ काउंटमध्ये ज्याने त्याने आपल्या पट्टीवर पोचायचं, खाली न बघता. कार्डवाल्यांनी गृहीत धरलंय की तुमच्याकडे तो फ्लोअर आहे. आमच्याकडे साधे मॅट, तर मी रंगीत चिकटपट्टी लावली, काम झालं. दोन मुलं एकमेकांवर आपटली पहिल्या दिवशी, तेव्हापासून पळायचं नाही, चालायचं, असा नियम केला. मुळात रूटीनमध्ये (स्पर्धेसाठी बसवलेल्या कार्यक्रमात) पण चालतच जायचं असतं.

आता बाद होण्याबद्दल, हीच माझी मोठी तक्रार. निळ्या कार्डांतले बरेचसे गेम सायमन सेजचेच भाऊबंद आहेत, कोच म्हणणार टी, लो व्ही, टचडाऊन, डॅगर्स, बो अँड अॅरो, आणि मधेच एक "विषारी" मोशन असते, ती नाव घेतली तरी करायची नाही. गेम भारी आहे, मुलं वेडी होतात. पण नियम असा की चुकला तो बाहेर बसणार. मग होतं काय, ज्या मुलीला लेफ्ट एल आणि राइट एल मधला फरक अजून कळलेला नाही ती पहिल्याच फेरीत बाहेर, आणि जिला सगळं आधीच येतं ती दहा मिनिटं प्रॅक्टिस करतेय. एकदा मी सहज मोजलं, शेवटपर्यंत टिकलेल्या मुलीने ४० च्या वर मोशन्स केल्या आणि पहिली बाद झालेल्या मुलीने ३. ज्याला गरज जास्त त्याला सराव कमी, असा उलटा कारभार. हे कार्ड लिहिणाऱ्याने एकदा तरी बाकावर बसलेल्या मुलांकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही आता बाद करत नाही. चुकलं की पॉमपॉम खाली ठेवायचे आणि रिकाम्या हाताने खेळत राहायचं, सलग तीन बरोबर आल्या की पॉमपॉम परत. तेवढी लाज पुरते मुलांना, आणि सगळे शेवटपर्यंत हात हलवत असतात.

एल वरून आठवलं, कार्डांवरची चित्रं. चित्रातली मुलगी आपल्याकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे तिचा डावा हात आपल्या उजवीकडे दिसतो. एल म्हणजे एक हात वर आणि दुसरा बाजूला, लेफ्ट आणि राइट मध्ये हात उलटे, पण मुलं लेफ्ट एलचं चित्र बघून आरशासारखी नक्कल करतात आणि एकदम छान राइट एल करून दाखवतात. पाठमोरं चित्र दिलं असतं तर हा घोळच झाला नसता. मी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात "डा" आणि "उ" लिहून ठेवलंय.

फासे मुलांचे लाडके. एकावर जंपची नावं, टो टच, हर्की, पाईक, टक, हर्डलर, स्प्रेड ईगल, दुसऱ्यावर १ ते ६ आकडे. पाईक आणि ६ आलं की सलग सहा पाईक. मोठ्या मुलींनासुद्धा चौथ्या पाईकनंतर दम लागतो, छाती खाली यायला लागते, आणि लहान मुलं तर सरळ गुडघ्यांवर धाडकन उतरतात. लँडिंग पाय जुळवून आणि गुडघे वाकवून झालं पाहिजे, ते बिघडलं की जंप थांबवायची, आकडा कितीही असो. मी ४, ५, ६ वर स्टिकर चिकटवून परत १, २, ३ केलं. मुलांनी दोन दिवस कुरकुर केली.

लाल कार्डांकडे मी रागानेच बघते आता. बाजूला काढलेल्या ९ पैकी ६ लाल आहेत कारण त्यात स्टंटची शर्यत आहे. स्टंट म्हणजे खालच्या मुली (बेस) एकीला (फ्लायर) वर उचलतात. तीन ग्रुप, शिट्टी वाजली की कुठला ग्रुप आधी फ्लायरला प्रेपला नेतो, म्हणजे फ्लायरचे पाय बेसच्या खांद्यांच्या उंचीला. अहो कशाला? स्टंटमध्ये बॅक स्पॉटची, म्हणजे मागे उभी राहून सांभाळणारीची, नजर फ्लायरवरून हलता कामा नये, पडली तर डोकं आणि खांदे तीच सांभाळणार असते, आणि शर्यत लावली की तिची नजर कुठे जाणार तर शेजारच्या ग्रुपकडे. बेस पण घाईत ग्रिप नीट घेत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उतरवताना घाई, जिंकलो जिंकलो म्हणत हात सोडून देतात. मी ही कार्डं खेळवली नाहीत, वाचून थेट ड्रॉवरमध्ये टाकली. स्टंट म्हणजे गेम नव्हे, स्टंटच्या वेळी म्युझिक नाही, हसणं नाही, आणि काउंट मोठ्याने. उरलेली तीन म्हणजे दोन पॉमपॉम रिले, त्यात पॉमपॉम जमिनीवर विखुरलेले असतात आणि त्या प्लास्टिकच्या झिरमिळ्यांवर पाय पडला की सरकलाच समजा (आमची एक सरकली, नशीब मॅटवर होती), आणि एक कार्ड जिथे हरलेल्या टीमला शिक्षा म्हणून बर्पीज. शिक्षा म्हणून व्यायाम दिला की मुलांना व्यायामाचाच राग येतो, मला तरी आलेला.

पण लाल रंगातच एक असं कार्ड निघालं ज्यासाठी मी बाकीचं माफ करायला तयार आहे. नाव "लाकूड". एका मुलाने पाठीवर आडवं पडायचं, हात अंगाला चिकटवून, पोट आणि पाय घट्ट, आणि दुसऱ्याने दोन्ही टाचा धरून हळूच गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलायच्या. अंग घट्ट असेल तर खांद्यापासून टाचेपर्यंत अख्खी फळी उचलली जाते, सैल असेल तर कंबर तिथेच राहते आणि नुसते पाय वर येतात. फ्लायरला "टाइट राहा टाइट राहा" असं मी वर्षभर ओरडतेय, त्याचा अर्थ तिला एका मिनिटात कळला, आणि गंमत म्हणजे बेसनाही कळलं की हलकी वाटणारी फ्लायर म्हणजे वजनाने कमी असलेली नव्हे, घट्ट असलेली. वजनावरून एकमेकींना बोलणं या वयात कधी सुरू होईल सांगता येत नाही, त्यामुळे हा शब्द मिळाला ते फार बरं झालं. आता प्रॅक्टिसमध्ये कोणी पण "लाकूड!" ओरडलं की सगळे जागेवर घट्ट.

हिरवी कार्डं ठीकठाक. आवाजाच्या गेममध्ये एक मजला, दोन मजले असं करत आवाज चढवायचा आहे, आणि मुलं चढवतात म्हणजे किंचाळतात, दुसऱ्या फेरीला निम्म्यांचे घसे बसले. पोटावर हात ठेवून, आवाज खालच्या पट्टीत ठेवून पोटातून काढायचा हे कार्डवर कुठेही लिहिलेलं नाही, ते तुम्हीच सांगा. चेहऱ्याच्या गेमबद्दल एवढंच की सगळे दात दाखवले म्हणजे फेशियल्स (चेहऱ्यावरचे हावभाव) झाले नाहीत.

प्रत्येक कार्डाच्या मागे एकेक माहितीची ओळ आहे, ती मी आधी दुर्लक्षच करत होते. एक दिवस पाणी पिताना कोणीतरी वाचलं की १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल मॅचला प्रेक्षकांसमोर उभं राहून घोषणा द्यायला लावल्या आणि चीअरलीडिंगची सुरुवात तिथे धरतात, आणि सुरुवातीला हे सगळं मुलगेच करायचे. आमचा एकुलता एक मुलगा त्या दिवशी असा काही ताठ बसला की विचारू नका. हर्कीचं नाव लॉरेन्स हर्किमरवरून आलंय, तो पण पुरुषच, हे कळल्यावर तर हर्की ही आपलीच जंप असं त्याने जाहीर करून टाकलं. ऑलिम्पिक समितीने आंतरराष्ट्रीय चीअर संघटनेला २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली असंही एका कार्डवर आहे, त्यावर "ताई मग आपण ऑलिम्पिकला कधी जायचं" हे महिनाभर ऐकतेय. मान्यता मिळाली म्हणजे ऑलिम्पिकमध्ये खेळ आला असं होत नाही, हे समजावून दमले.

बाकी क्वालिटीचं म्हणाल तर कार्डं जाड आहेत, घामाच्या हातांनी हाताळून पण फुगली नाहीत. डब्याचं झाकण दुसऱ्याच आठवड्यात फाटलं, रबर लावून चाललंय. एका फाश्याचा कोपरा कोणीतरी चावलाय, ते कंपनीवर घालत नाही.

आणि हो, चार कोरी कार्डं दिलीयेत, स्वतःचे गेम लिहायला. मी लिहीन लिहीन म्हणत राहिले, मुलांनी परस्पर लिहून टाकले. त्यातलं एक असं आहे की शेवटची पाच मिनिटं फासा ताई टाकणार आणि जंप पण ताईच करणार, दोन्ही बाजूंनी, आणि बाकीचे मोजणार. माझी हर्की उजवीकडे बरी होते आणि डावीकडे अजिबात होत नाही, हे आता १६ जणांना माहितीये.