लांब दांड्याचा ड्रायवॉल सँडर: छतासाठी उत्तम, कोपऱ्यात निरुपयोगी

२२५ मिमीची गोल डिस्क, कुठल्याही बाजूला कलणारं डोकं आणि दांड्यातून मागे जाणारा धुळीचा पाइप अशी या सँडरची, म्हणजे ड्रायवॉलच्या (जिप्सम बोर्डाच्या) भिंती-छतावरची पुट्टी घासून सपाट करणाऱ्या मशीनची रचना. छत आणि सलग मोठ्या भिंती असतील तर घ्याच. एकाच खोलीतले बोर्डांचे चार सांधे घासायचे असतील तर हाताचा ठोकळा आणि पॉलिश पेपर पुरे.

मशीनइतकंच लक्ष पाइपाला जोडायच्या व्हॅक्यूमकडे द्या. पुट्टीची धूळ मैद्यासारखी बारीक असते. आत फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) पिशवी न लावता चालवलं की फिल्टर बघता बघता चोंदतो, ओढ मंदावते आणि डिस्कभोवतीच्या ब्रशखालून धूळ सुटू लागते. मग नावं ठेवली जातात सँडरला! पिशवी आणि एम क्लासचा (मध्यम धोक्याची बारीक धूळ अडवणारा) फिल्टर हवाच. साधा घरगुती व्हॅक्यूम इथे वापरू नका. बारीक धूळ फिल्टरमधून निसटून परत खोलीत येते आणि मोटरचंही आयुष्य घटतं. पाइप अँटिस्टॅटिक नसेल तर हाताला बारीक झटके बसत राहतात.

ओढ जास्त झाली तरी पंचाईत. डोकं भिंतीला चिकटतं, हिसके देतं आणि अर्धगोल चरे उमटतात. ओढ कमी करायची झडप असते, ती थोडी थोडी उघडत डोकं सहज सरकेपर्यंत न्या. छताला मात्र ओढ जरा जास्तच ठेवा, म्हणजे मशीनचं बरंचसं वजन ती पेलते. तरीही चार-पाच किलो डोक्यावर धरून खांदे भरून येतात, हे धरून चला.

पेपर १५० नंबरपासून सुरू करा (नंबर मोठा तितका पेपर बारीक), शेवटचा हात १८० किंवा २२० ने. ८० नंबर सांध्यावर लावला की पुट्टी उडून खालची, सांधा झाकणारी टेप उघडी पडते. पेपरची भोकं पॅडच्या (पेपर ज्याला चिकटतो त्या गादीच्या) भोकांवर नेमकी बसवा, नाहीतर ओढ असूनही धूळ बाहेर. जाळीच्या डिस्कला ही कटकट नाही, शिवाय ती कमी चोंदते. पण पॅडची पकड झिजू नये म्हणून मध्ये संरक्षक पॅड लावावा लागतो. सुरुवातीला वेग कमीच ठेवा. डिस्क आधी भिंतीला सपाट टेकवा, मग मशीन चालू करा. फिरती डिस्क तिरकी टेकली की कडेने खड्डा पडलाच. एका जागी थांबायचं नाही, आणि बोर्डाच्या कागदाला लव सुटताना दिसली की तिथून लगेच हलायचं.

पुट्टी पूर्ण वाळलेली हवी. ओलसर असेल तर गोळ्या होऊन पेपर भरतो. भिंतीलगत दिवा आडवा धरला की उरलेले उंचवटे सावलीतून दिसतात.

कोपऱ्यात डिस्क पोचत नाही. तिथे घासायचा स्पंज, आणि तो कोरडा असेल तर धूळ उडणारच. म्हणून व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी एन९५ मास्क काढायचा नाही. शेवटी झाडू फिरवू नका, खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत जाते. भिंत मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमने ओढून, घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने पुसा. ही भुकटी राहिली तर प्रायमर भिंतीला न धरता तिलाच धरतो आणि मास्किंग टेपबरोबर सोलून येतो.