क्रूझच्या कॅसिनोचे ‘क्रेडिट’ एजंटाकडून विकत घेऊ नका : माझे ८६,८५५ रुपये असे गेले

मी जुगारी नाही, हे आधीच सांगतो. सहकारी बँकेत ३१ वर्षे नोकरी केली आणि दिवाळीतल्या तीनपत्तीलाही कधी पैसे लावले नाहीत. निवृत्तीनंतर पत्नीसह सिंगापूरहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या क्रूझला जायचे ठरले, तेव्हा पुण्यातील ज्या पर्यटन एजंटाकडे तिकिटे काढली, त्याने ३०,००० रुपयांना ५०० सिंगापूर डॉलरचे ‘कॅसिनो क्रेडिट’ आमच्या गळ्यात घातले. “काका, बाहेर डॉलर ६५ रुपयांना आहे, तुम्हाला ६० ला पडतोय. खेळायचे नसेल तर जहाजावर रोख घ्या,” असे तो म्हणाला. मी ते स्वस्तात मिळणारे परकीय चलन म्हणून घेतले, जुगारासाठी नव्हे.

बाजारभावापेक्षा पाच रुपये कमी दराने कोणीही डॉलर विकत नाही, हे ज्याने आयुष्यभर इतरांना समजावून सांगितले, त्यालाच ते त्या क्षणी सुचले नाही. पावतीवर ‘क्रेडिट’ एवढाच शब्द होता, ‘रोख’ हा शब्द कुठेही नव्हता. ती पावती मी दोनदा वाचली आणि घडी करून पाकिटात ठेवली. याची चीड अजून जात नाही.

जहाज बंदरात असेपर्यंत कॅसिनो बंद असतो आणि आंतरराष्ट्रीय हद्दीत गेल्यावरच उघडतो. त्यामुळे रात्री खिडकीवर रोख मागायला गेलो, तोवर परतीचा मार्ग उरलेला नव्हता. तिथे २५ डॉलरच्या वेगळ्या रंगाच्या २० चिप्स, म्हणजे पैशांऐवजी डावावर लावायच्या चकत्या, हातात पडल्या. त्या रोखीत बदलत नाहीत, फक्त डावावर लावता येतात, असे सांगण्यात आले. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर पहिलाच डाव जिंकलो, तेव्हा डीलरने २५ डॉलरची खरी चिप दिली आणि मी लावलेली चिप मात्र उचलून घेतली. “अहो, जिंकलात ना, मग आपली चिप का नेली?” असे हिने विचारले. चारचौघांत अज्ञान दिसू नये म्हणून मी तिला गप्प केले. तिचा प्रश्न बरोबर होता. अशी जाहिरातीची चिप एकदाच चालते आणि हरलो काय, जिंकलो काय, ती परत येत नाही, म्हणून ५०० डॉलरच्या अशा चिप्सची खरी किंमत निम्म्याहूनही कमी असते. २० पैकी ९ डाव जिंकून हातात २२५ डॉलर आले, म्हणजे १४,६२५ रुपये. तेवढे घेऊन उठलो असतो, तर नुकसान १५,३७५ रुपयांवर थांबले असते.

मी उठलो नाही, कारण मला फक्त माझे ३०,००० भरून काढायचे होते. केबिनच्या कार्डावर, ज्याचे बिल माझ्या क्रेडिट कार्डावर पडते, दोन वेळा ४०० डॉलर घेतले आणि प्रत्येक वेळी ५ टक्के शुल्क लागले, म्हणजे ८४० डॉलरचे देणे झाले. कार्डाने पैसे घेण्यापूर्वी हे शुल्क विचारून घ्या, तिथे ते आपणहून कोणी सांगत नाही. टेबलाच्या कापडावर ‘६ ला ५’ असे ठळक छापले होते, तरी २५ डॉलरवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागल्यावर साडेसदतीसऐवजी ३० डॉलर मिळाले, तेव्हा कुठे मला त्याचा अर्थ कळला. ‘३ ला २’ असे लिहिलेले नसेल, तर त्या टेबलावर बसूच नका. रूलेटच्या आकड्यांच्या चक्रावर दोन शून्ये असतील तर लावलेल्या पैशांत कॅसिनोचा सरासरी वाटा ५.२६ टक्के असतो आणि एकच शून्य असेल तर २.७०. पहाटेपर्यंत सगळे गेले. क्रेडिट कार्डावर ५४,६०० रुपये पडले, त्यावर परकीय चलनातल्या खर्चाचे बँकेचे साडेतीन टक्के शुल्क (मार्कअप) आणि त्या मार्कअपवर जीएसटी, असे २,२५५ रुपये आणखी लागले.

घरी आल्यावर जहाज कंपनीला पत्र लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले : ते क्रेडिट आमच्या केबिनसोबत मोफतच होते. फुकटची वस्तू मला ३०,००० ला विकली गेली! एजंट म्हणतो, “सेवा दिली.” पोलीस ठाण्यात दीड तास बसवून ठेवल्यावर अधिकाऱ्याने विचारले, “जुगारात हरलात, त्यात आम्ही काय करायचे?” आणि पैजेचा करार रद्दबातल असतो, हे करार कायद्याचे कलम ३० मलाच ऐकवले. अहो, माझी तक्रार पैजेची नाही, खोटे सांगून केलेल्या विक्रीची आहे! हे मी तीन वेळा सांगितले, तरी अर्ज घेतला नाही. बँकेने व्यवहार तुम्हीच मंजूर केला असे लिहून हात झटकले. ज्या बँकिंग क्षेत्रात मी जन्म काढला, तिथले हे उत्तर अधिक लागले. ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदली गेली खरी, पण एजंटाचे तेच ‘सेवा दिली’ हे उत्तर जोडून ती बंद करण्यात आली. पावती कोणी वाचलीच नाही.

केबिनसोबत काय मोफत आहे, हे आधी थेट जहाज कंपनीला विचारा. एजंट तोंडी सांगतो ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मी घेतले नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मी तिथे फक्त ३०,००० रुपयांसाठी अर्ज केला आहे, कारण उरलेले ५६,८५५ रुपये मी स्वतः टेबलावर ठेवले होते.